सोलापूरहून न्यूट्रॉनपर्यंत : हेवी फर्मिऑन पदार्थांतली चुंबकीय उत्तेजनं मोजायची असतील तर

केगावच्या विद्यापीठात किंवा शहरातल्या कॉलेजात फिजिक्सची एमएस्सी करणारे, पीएचडीला नुकतंच नाव घातलेले आणि गाईडने "न्यूट्रॉनवर काहीतरी करू" म्हटल्यावर कुठून सुरुवात करायची ते न कळणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मी याच वाटेने गेलो. त्या वेळी एका जागी, क्रमाने आणि मराठीत सांगणारं काही मिळालं नाही.

सोलापुरात रिअ‍ॅक्टर नाही, मग इथे बसून काय होणार, हा प्रश्न हमखास येतो. प्रत्यक्ष बीमवर (रिअ‍ॅक्टरसारख्या केंद्रातल्या न्यूट्रॉनच्या झोतावर) जेमतेम आठवडाभर मिळतो, कधी त्याहून कमी. त्याआधीचं वर्षभराचं काम भट्टीजवळ, टेबलावर आणि कॉम्प्युटरवर होतं. प्रयोगाचा निकाल बराचसा तिथेच ठरतो, आणि त्यातलं पुष्कळ काम सोलापुरात होऊ शकतं.

१. आधी प्रश्न नेमका करा

सिरियम, यटर्बियम किंवा युरेनियमच्या काही संयुगांत एफ-इलेक्ट्रॉन आणि वाहक इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंततात. थंड केल्यावर त्यातले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड असल्यासारखे वागतात, म्हणून यांना हेवी फर्मिऑन पदार्थ म्हणतात. १९७५ मध्ये सिरियम-ॲल्युमिनियम (१:३) या संयुगाच्या विशिष्ट उष्म्यात तापमानाशी समप्रमाणात असणाऱ्या भागाचा गुणांक दर मोलला सुमारे १,६२० मिलीज्यूल प्रति केल्व्हिन वर्ग निघाला. तांब्याचा हाच आकडा ०.७ च्या आसपास आहे. पुढे १९७९ मध्ये फ्रँक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांना सिरियम-तांबे-सिलिकॉन (१:२:२) हे संयुग साधारण ०.६ केल्व्हिनखाली अतिवाहक होताना दिसलं. चुंबकीय अणूंनी भरलेला पदार्थ अतिवाहक कसा होतो, हा प्रश्न तेव्हापासून लोकांना सोडत नाही. चुंबकीय उत्तेजनं, म्हणजे पदार्थातल्या स्पिननी ऊर्जा घेऊन केलेली हालचाल, मोजायची ती मुख्यतः याचसाठी.

"या पदार्थातली चुंबकीय उत्तेजनं अभ्यासायची आहेत" एवढ्यावर प्रयोग उभा राहत नाही. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते ठरवा :

– क्रिस्टल फील्डच्या पातळ्या. ट्रायव्हॅलंट सिरियमच्या सहा पातळ्या स्फटिकाच्या विद्युतक्षेत्रात फुटतात. सममिती कमी असेल तर तीन जोड्या होतात. घनाकृती रचनेत एक जोडी आणि एक चौकडी मिळते. ऊर्जा सहसा ५ ते ४० मिलीईव्ही.

– क्वासिइलॅस्टिक रुंदी. काँडो परिणामामुळे (वाहक इलेक्ट्रॉन अणूचं चुंबकीय आघूर्ण झाकू बघतात त्यामुळे) ते आघूर्ण सतत डळमळत असतं. ते किती वेगाने, हे शून्य ऊर्जेभोवतीच्या लॉरेंझियनच्या रुंदीवरून कळतं. खालच्या तापमानाला अर्धी रुंदी ढोबळमानाने काँडो तापमानाइतकी (ज्याच्या खाली हा परिणाम ठळक होतो त्या तापमानाइतकी) येते. १ मिलीईव्ही म्हणजे ११.६ केल्व्हिन हा आकडा पाठच करा. काँडो तापमान १० केल्व्हिन असेल तर अर्धी रुंदी ०.८६ मिलीईव्हीच्या आसपास अपेक्षित धरा.

– स्पिन लहरी. पदार्थ चुंबकीयदृष्ट्या क्रमबद्ध होत असेल तर त्यांचं डिस्पर्शन (संवेगासोबत ऊर्जा कशी बदलते ते) मोजता येतं. त्यासाठी एकल स्फटिक हवा.

– अतिवाहकतेसोबत येणारं रेझोनन्स (ठराविक ऊर्जेला उगवणारं शिखर) किंवा स्पिन गॅप (ज्या ऊर्जेखाली चुंबकीय सिग्नल दबतो ती). सिरियम-कोबाल्ट-इंडियम (१:१:५) मध्ये २.३ केल्व्हिनखाली ०.६ मिलीईव्हीला रेझोनन्स दिसतं, तर सिरियम-तांबे-सिलिकॉनमधली गॅप ०.२ मिलीईव्हीच्या घरात आहे. हे काम नवशिक्याने पहिल्याच फेरीत अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या प्रयोगाला क्रिस्टल फील्ड घ्या. पावडर चालते, तापमान फार खाली न्यावं लागत नाही, आणि उत्तर हो किंवा नाही असं मिळतं. त्याखेरीज पुढच्या प्रत्येक प्रयोगाला त्या पातळ्या माहीत असाव्याच लागतात.

२. न्यूट्रॉनची हिशेबवही तयार ठेवा

न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, पण त्याला चुंबकीय आघूर्ण आहे. म्हणून तो पदार्थात खोल शिरतो आणि इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाला जाणवून घेतो. शिवाय त्याची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी आणि ऊर्जा उत्तेजनांएवढी असते. दोन्ही गोष्टी एकदम जुळतात हे त्याचं खरं बळ. बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरला ट्रिपल-ॲक्सिस स्पेक्ट्रोमीटर उभा केला आणि १९९४ चं नोबेल क्लिफर्ड शल यांच्यासोबत मिळवलं. आपल्या पी. के. अय्यंगार यांनी ब्रॉकहाउस यांच्यासोबत जर्मेनियमवर काम केलं होतं. परत येऊन त्यांनी तुर्भ्याला, आताच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, या विषयाची घडी बसवली. म्हणजे आपल्याकडे ही परंपरा साठ-सत्तर वर्षांची आहे, कुठून उसनी आणायची गरज नाही.

दोन सूत्रं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऊर्जा मिलीईव्हीत हवी असेल तर ८१.८ ला अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीच्या वर्गाने भागा. किंवा तरंगसदिशाच्या वर्गाला २.०७२ ने गुणा.

३. पदार्थ निवडताना न्यूट्रॉन कोण गिळतं ते बघा

नवखे इथेच जास्त फसतात. छान संयुग निवडतात, नमुना करतात, प्रस्तावही पाठवतात, आणि मग कळतं की न्यूट्रॉन आत पोहोचतच नाहीत.

१.८ अँगस्ट्रॉमला शोषणाचे आकडे बार्नमध्ये (एक अणू न्यूट्रॉन किती गिळतो ते मोजायचं एकक) असे : सिलिकॉन ०.१७, ॲल्युमिनियम ०.२३, सिरियम ०.६३, तांबे ३.८, पॅलेडियम ६.९, यटर्बियम ३५, कोबाल्ट ३७, ऱ्होडियम १४५, इंडियम १९४, इरिडियम ४२५. युरोपियम साडेचार हजारांवर आणि गॅडोलिनियम जवळजवळ पन्नास हजार. तरंगलांबी वाढली की शोषण त्याच प्रमाणात वाढतं.

एक हिशेब पूर्ण करून दाखवतो, म्हणजे तुमच्या पदार्थाचा तुम्हाला करता येईल. सिरियम-कोबाल्ट-इंडियमच्या एकक कोशात एक सिरियम, एक कोबाल्ट आणि पाच इंडियम. शोषणाची बेरीज ०.६ + ३७ + ५ × १९४, म्हणजे सुमारे १,००८ बार्न. कोशाचं घनफळ साधारण १६१ घन अँगस्ट्रॉम. बेरजेला घनफळाने भागलं की दर सेंटिमीटरला ६.३ येतं. म्हणजे बीम १.६ मिलीमीटरमध्येच एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. ४.५ अँगस्ट्रॉमचे थंड न्यूट्रॉन वापरले तर ०.६ मिलीमीटरमध्येच. म्हणून या पदार्थावर काम करणाऱ्यांना पुष्कळ पातळ स्फटिक ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एका दिशेत चिकटवावे लागले. हाच हिशेब सिरियम-तांबे-सिलिकॉनचा केलात तर शोषणाची लांबी १० सेंटिमीटरच्या आसपास येते. तिथे जाडजूड स्फटिकही चालतो.

युरेनियमची संयुगं वाचायला फार आकर्षक आहेत, पण आपल्या देशात युरेनियम अणुऊर्जा कायद्याखाली नियंत्रित आहे. परवानगी असलेल्या प्रयोगशाळेचं सहकार्य नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. सिरियममध्ये आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे.

४. नमुना : इथे घाई नको

क्रिस्टल फील्डसाठी ५ ते १० ग्रॅम पावडर लागते. तेवढंच लँथॅनमचं तसंच संयुगही करा. लँथॅनमला एफ-इलेक्ट्रॉन नाही, म्हणून त्यातून जे दिसेल ते फोनॉन, म्हणजे स्फटिकाची कंपनं. सिरियमच्या मोजमापातून ते वजा केलं की चुंबकीय भाग उरतो. विद्यार्थी हे संयुग "वेळ मिळाला तर" या यादीत टाकतात. ते पहिल्या यादीत हवं.

आर्क मेल्टिंगची भट्टी जवळ नसेल तर सहकार्य शोधा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिरियम संयुगांचे एकल स्फटिक वाढवण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये विद्यापीठातल्या लोकांना कमी तापमानाची मोजमापं करता येतात. गाईडमार्फत अर्ज करा, आणि सोबत काय मोजायचं ते एका पानात लिहून द्या.

बीमवर जाण्याआधी हातात हवंच : एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि त्याचं रिटवेल्ड फिटिंग (मोजलेल्या आलेखाशी रचना जुळवून बघणं), चुंबकीय ससेप्टिबिलिटी, विशिष्ट उष्मा. ससेप्टिबिलिटीवरून आघूर्ण काढा. ते ट्रायव्हॅलंट सिरियमच्या २.५४ बोर मॅग्नेटॉनच्या जवळ आहे का ते बघा. फार कमी आलं तर व्हॅलन्स तीनवरून चारकडे सरकली असेल किंवा नमुन्यात भेसळ असेल.

सिरियमचा मूळ धातू हवेत ठेवला की काळवंडतो, मग पिवळट भुकटी सुटते. आपल्याकडे आठ महिने कोरडी हवा असते म्हणून लोक निर्धास्त राहतात. तसं राहू नका. तयार संयुगाची पावडरही आर्गॉन भरलेल्या बंद काचनळीत ठेवा आणि नळीवर वजन, तारीख, बॅच लिहा.

स्फटिक चिकटवायचे असतील तर नेहमीचा गोंद, व्हार्निश, अरल्डाइट हे सगळं बाजूला ठेवा. त्यात हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनचं इनकोहेरंट (सगळ्या दिशांना पसरणारं) स्कॅटरिंग ८० बार्न. तुमच्या क्षीण सिग्नलखाली मोठी पार्श्वभूमी उभी राहते. फ्लोरिनयुक्त, हायड्रोजन नसलेला सायटॉप नावाचा पॉलिमर त्यासाठी वापरतात. पट्टी ॲल्युमिनियमची, स्क्रू ॲल्युमिनियमचे. प्रत्येक स्फटिक लावे एक्स-रे कॅमेऱ्याला दाखवून दिशा ठरवायची, मग सायटॉपचा टिपूस, मग वाळेपर्यंत हात न लावता ठेवायचं. एका पट्टीला अख्खा दिवस जातो. सगळे स्फटिक बसले की पूर्ण पट्टीचा रॉकिंग कर्व्ह (पट्टी थोडी थोडी फिरवून मोजलेला आलेख) घ्या. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त पसरला असेल तर वाईट बसलेले स्फटिक काढून टाका. कमी वस्तुमानाचा पण नीट बसलेला नमुना मला जास्त भरवशाचा वाटतो.

५. कोणतं यंत्र

मुख्य प्रकार दोन. ट्रिपल-ॲक्सिसमध्ये एका वेळी एक बिंदू मोजतात : अमुक संवेग, अमुक ऊर्जा. कुठे बघायचं ते माहीत असेल तर उत्तम. टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये न्यूट्रॉनला पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ऊर्जा काढतात, आणि शेकडो डिटेक्टर एकदम मोठा पट्टा टिपतात. पावडर आणि क्रिस्टल फील्डसाठी हेच घ्या.

देशात तुर्भ्याचा ध्रुव रिअ‍ॅक्टर आहे. तो १०० मेगावॉटचा, १९८५ पासूनचा, आणि तिथे ट्रिपल-ॲक्सिसही आहे. विद्यापीठातल्या लोकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत जाता येतं. परदेशात ऑक्सफर्डजवळच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात मर्लिन, मारी आणि लेट ही यंत्रं, ग्रेनोबलच्या आयएलएलमध्ये आयएन-५, म्युनिकजवळ पांडा. जपानमधलं जे-पार्क आणि अमेरिकेतलं ओक रिजही आहेच. पहिला अनुभव ध्रुववर घ्या. डिफ्रॅक्शनचा साधा प्रयोग असला तरी चालेल. नमुना कसा बसवतात, शिल्डिंगच्या आत-बाहेर काय चालतं, काउंट किती सावकाश येतात, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचा प्रस्ताव वेगळाच लिहिला जातो.

आता येणारी ऊर्जा किती ठेवायची ते बघू. समजा १५ मिलीईव्हीची पातळी शोधायची आहे. येणारी ऊर्जा २० ठेवली तर येणारा तरंगसदिश ३.११, जाणारा १.५५. म्हणजे संवेगातला कमीत कमी बदल १.५५ प्रति अँगस्ट्रॉम, त्याच्या खाली जाताच येत नाही. येणारी ऊर्जा ६० केली तर हे आकडे ५.३८ आणि ४.६६ होतात आणि किमान ०.७२ वर येतं. चुंबकीय सिग्नल संवेग वाढला की फॉर्म फॅक्टरमुळे (इलेक्ट्रॉन अणूभोवती पसरलेले असल्यामुळे) पडतो, आणि फोनॉनचा त्याच्या वर्गाने वाढतो. म्हणून लहान संवेगाला बघता येणं महत्त्वाचं. पण ऊर्जा वाढवली की रेझोल्यूशन बिघडतं. अशा यंत्रांत ते येणाऱ्या ऊर्जेच्या साधारण २ ते ५ टक्के असतं. मागाची फणी जितकी बारीक घ्यावी तितकी नक्षी स्पष्ट येते आणि कापड उतरायला वेळ लागतो. रेझोल्यूशन आणि तीव्रतेचा व्यवहार तसाच आहे. क्रिस्टल फील्डला ३० ते ६० मिलीईव्ही, क्वासिइलॅस्टिकला ३.५ च्या आसपास, अशी सुरुवात करा.

६. प्रस्ताव

बहुतेक केंद्रं वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. शेवटची तारीख कळल्यावर नमुना करायला बसू नका. नमुना आणि मोजमापं हातात असताना तारखेची वाट बघा.

दोन पानांत मावेल इतकंच लिहायचं असतं. माझ्या मते त्यात चार गोष्टी ठळक हव्यात : प्रश्न एका वाक्यात, तुमची स्वतःची ससेप्टिबिलिटी आणि विशिष्ट उष्म्याचे आलेख, हेच यंत्र का, आणि दिवसांचा हिशेब. "सहा दिवस हवेत" असं नुसतं लिहू नका. किती तापमानं, प्रत्येकाला किती तास, लँथॅनमला किती, नमुन्याच्या रिकाम्या डब्याला किती, तीव्रतेचं माप ठरवणाऱ्या व्हॅनेडियमला किती, थंड-गरम करायला किती, हे लिहा. समितीला यावरून कळतं की तुम्ही खरंच विचार केला आहे.

पाठवण्याआधी त्या यंत्राच्या शास्त्रज्ञाला ईमेल करा. सोलापुरातल्या पोरांना याचा संकोच वाटतो, आपली इंग्रजी कशी, ते काय म्हणतील. बेधडक लिहा. पदार्थ, वस्तुमान, अपेक्षित ऊर्जा या तीन ओळी पुरतात. त्यांना चांगले प्रयोग हवेच असतात.

७. सोबत काय लागतं

– पासपोर्ट (आधीच काढून ठेवा, प्रस्ताव मंजूर झाल्यावर नव्हे)
– केंद्राचं निमंत्रणपत्र, विद्यापीठाचं ना-हरकत पत्र, गाईडचं नमुन्यांविषयीचं पत्र : संशोधनासाठी, किती ग्रॅम, कोणतं संयुग
– नमुन्याची सुरक्षा माहिती : रासायनिक सूत्र, वस्तुमान, विषारी घटक
– एकक कोशाची मापं, स्पेस ग्रुप, एक्स-रे आणि मोजमापांच्या फाइल्स
– ध्रुवला जायचं तर प्रवेशपरवान्याची कागदपत्रं पुष्कळ आधी, आणि मूळ ओळखपत्र

ध्रुवसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटी, तिथून हार्बर लोकलने मानखुर्द. नमुना हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको.

खर्च कोण करणार, केंद्र की प्रकल्प, हे लेखी विचारून घ्या. व्हिसाच्या मुलाखतीला पुणे-मुंबईच्या फेऱ्या होतात, तोही खर्च धरा.

८. बीमवर

हल्ली बरेच प्रयोग दुरूनही चालवता येतात. नमुना कुरियरने जातो, तिथला माणूस बसवतो, आणि तुम्ही घरून आलेख बघता. इंग्लंड आपल्या साडेचार-साडेपाच तास मागे आहे, त्यामुळे तिथली रात्रीची पाळी आपल्याकडे मध्यरात्रीनंतरची येते. लॅपटॉप चार्ज, इन्व्हर्टर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी सर्वांत कमी तापमान, जास्त वेळ. मग मधली, मग १०० केल्व्हिनच्या वर. खालच्या तापमानाला फक्त तळाची पातळी भरलेली असते. सिरियमच्या तीन जोड्या असतील तर तिथून जास्तीत जास्त दोन शिखरं दिसतील. जास्त दिसली तर फोनॉन, भेसळ किंवा फोनॉनशी जुळलेली पातळी, असा क्रमाने संशय घ्या. शेवटची शक्यता दुर्मिळ आहे, पण खरी आहे. सिरियम-ॲल्युमिनियम (१:२) मध्ये ती १९७९ पासून माहीत आहे.

पावडर थंड झाली आहे असं समजू नका. थर्मामीटर डब्याच्या वर असतो आणि कणांमधून उष्णता सावकाश जाते. डबा बंद करताना आत थोडा हेलियम वायू भरून घ्या. एक केल्व्हिनच्या खाली जायचं असेल तर तांब्याचा डबा आणि पुष्कळ धीर.

रिकाम्या डब्याचं मोजमाप शेवटच्या दिवसावर ढकललं की ते राहतंच. मधेच करून टाका.

बीममधून काढलेला नमुना किरणोत्सारी झालेला असतो. तांबे काही दिवसांत निवतं, इंडियमला काही महिने लागू शकतात. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे. नमुना लगेच हातात मिळेल असं धरून पुढचं काम आखू नका. त्या बॅचचा एक तुकडा सोलापुरातच ठेवून जा.

९. विदा (डेटा) हाताळणं

मँटिड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमधून चालवता येतं. एकल स्फटिकासाठी होरेस, स्पिन लहरींसाठी स्पिनडब्ल्यू. विभागातल्या साध्या कॉम्प्युटरवर पावडरचा विदा आरामात चालतो. मँटिडसोबत सरावाच्या फाइल्स मिळतात, त्यावर बीमटाइमच्या आधीच हात बसवा. त्या धावपळीत शिकायला वेळ नसतो.

फिटिंगला बसण्याआधी हे तपासा. व्हॅनेडियमने भागून निरपेक्ष एककात आणलं का? शोषणाची दुरुस्ती केली का? शिखर संवेग वाढला की पडतं की वाढतं? लँथॅनममध्ये त्याच जागी काही आहे का? तापमान वाढल्यावर तीव्रता पातळ्यांच्या भरणीप्रमाणे बदलते की फोनॉनसारखी बोस घटकाप्रमाणे वाढते? पडणारी आणि लँथॅनममध्ये नसलेली गोष्टच चुंबकीय म्हणा. तरी शंका उरली तर पोलराइज्ड (स्पिन एका दिशेत केलेल्या) न्यूट्रॉनचा प्रस्ताव वेगळा लिहा.

मग क्रिस्टल फील्डचे गुणांक काढा आणि त्याच गुणांकांनी ससेप्टिबिलिटी आणि विशिष्ट उष्मा हिशेबाने काढून मोजलेल्याशी जुळतात का ते बघा. न्यूट्रॉनची शिखरं दोन असतात आणि चौकोनी (टेट्रागोनल) रचनेतले गुणांक तीन, त्यामुळे निव्वळ शिखरांच्या जागांवर एकाहून अधिक उत्तरं बसतात. शिखरांच्या तीव्रतांचं गुणोत्तर आणि एकल स्फटिकाची दोन दिशांची ससेप्टिबिलिटी यांनीच त्यातलं खरं निवडता येतं. म्हणून चौथ्या पायरीतली मोजमापं पुन्हा उघडावी लागतात.

प्रयोगाचा अहवाल केंद्राला मुदतीत द्या. पुढचा प्रस्ताव वाचताना समिती तो काढून बघते. विदा ठराविक काळाने सर्वांसाठी खुला होतो, तेव्हा शोधनिबंधाचा मसुदा त्याआधी गाईडच्या टेबलावर असू द्या.